नागपुरात आई-बाबांना फुलं पाठवायची असतील तर

मी धरमपेठेतल्या एका फुलांच्या दुकानात ऑर्डरी घेते. पुण्याहून, बंगळूरहून, कधी दुबईहूनही फोन येतो, "ताई, आईचा वाढदिवस आहे, छान काहीतरी पाठवा." मनापासून सांगते, 'छान काहीतरी'वर सोडू नका. तुम्ही दोन-तीन नीट प्रश्न विचारलेत की गुच्छ बांधणाऱ्याचा हातही वेगळा चालतो.

मोठ्या वेबसाइटवर पैसे भरले तरी ती ऑर्डर बहुतेक वेळा गावातल्याच एखाद्या फुलवाल्याकडे येते, तीही कमिशन कापून. मग सरळ त्यालाच का फोन करू नये? घराच्या जवळपासचं दुकान नकाशावर शोधा आणि आधी एवढंच विचारा, "आज सकाळी काय काय आलं?" फोटोतलाच गुच्छ हवा असा हट्ट धरला की शिळा माल गळ्यात पडतो. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटात सकाळी लवकर खरेदी होते, त्यामुळे दहाच्या सुमारास फोन केलात तर दुकानदाराला खरं उत्तर देता येतं.

गुलाब घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर एक कळी दाबून दाखवायला सांगा. पाकळ्या देठाला जुळतात तिथे, बुडाशी, दोन बोटांनी हलकेच दाबायची. टणक लागली तर ताजी. बाहेरच्या काळवंडलेल्या पाकळ्या काढून जुनं फूल नवं करता येतं, पण बूड मऊ पडलं की ते लपत नाही. रजनीगंधाची खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर सगळ्या कळ्या, अशी काडी मागा. ती पुढचे काही दिवस खालून वर फुलत जाते आणि संध्याकाळी घरभर वास सुटतो.

एप्रिल-मेमध्ये मात्र जरबेरा टाळा. देठ मऊ आणि पोकळ, ४५ अंशांत मान टाकतो. कार्नेशन, ऑर्किड, शेवंती त्यापेक्षा बरी टिकतात. देठांच्या टोकांना ओला कापूस बांधून वर पिशवी लावायला सांगा. डिलिव्हरी सकाळी अकराच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. भर दुपारी स्कूटरवरून बेसा किंवा हुडकेश्वरपर्यंत गेलेली फुलं मी पाहिली आहेत, जीव तुटतो.

दिवसही बघून निवडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारीत गाडी शिरत नाही. दसऱ्याला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाजूच्या रस्त्यांचंही तेच. शिवाय दसरा-दिवाळीला झेंडू-शेवंतीचे भाव चढतात, ऑर्डर दोन दिवस आधी देऊन ठेवा.

पत्ता देताना प्लॉट नंबर आणि लेआउटचं नाव द्या, सोबत जवळचं मंदिर किंवा किराणा दुकान सांगा. नागपुरात एकाच नावाची नगरं आणि सोसायट्या सापडतात. लोकेशनही पाठवा. सरप्राइज असलं तरी घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. आई देवळात गेलेली आणि टोपली गेटवर उन्हात, असं होऊ देऊ नका. कार्डावरचा मजकूर मराठीतच टाइप करून पाठवा, म्हणजे 'आई'चं 'आइ' होत नाही. गुच्छ निघण्याआधी त्याचा फोटो मागा. डिलिव्हरीचे पैसे वेगळे आहेत का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

दवाखान्यात पाठवायचं असेल तर आधी तिथे विचारा, आयसीयूत फुलं नेऊ देत नाहीत. दुःखाच्या घरी चकचकीत कागद, रिबीन काही नको. पांढऱ्या शेवंतीचा किंवा रजनीगंधाचा साधा हार पाठवा.

फुलं पोचली की आईला फोनवर सांगा: देठ तिरपे कापून पाण्यात ठेव, पाणी रोज बदल, कुलरच्या झोतात ठेवू नकोस, पिकत घातलेल्या आंब्यांजवळ तर मुळीच नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर माना टाकतात. टोपली असेल तर आतल्या स्पंजवर रोज कपभर पाणी घालायचं. आणि फुलं मलूल पोचली असतील तर लगेच फोटो काढून दुकानाला पाठवायला सांगा. त्याच तासात कळलं तर आम्ही दुसरा गुच्छ बांधून देतो. दुसऱ्या दिवशी कळलं, तर ती उन्हाने गेली की आमच्याकडूनच शिळी गेली, हे कुणालाच सांगता येत नाही.