चढावर ई-बाईक पूर्ण बंद पडते, स्विच बंद-चालू केला की सुरू होते

३६ व्होल्टचा १०एस४पी लिथियम-आयन पॅक (चार-चार समांतर सेलचे दहा ग्रुप एकामागोमाग जोडलेले), मोटरला करंट देणारा २२ अँपिअरचा कंट्रोलर. शहरात सपाटीवर सगळं सुरळीत. ट्रेकच्या खड्या चढावर अर्ध्या चार्जला डिस्प्लेसकट सगळं गायब. थ्रॉटल, कनेक्टर आणि कंट्रोलर बदलून काहीच फरक नाही. वैताग आला.

खूण डिस्प्लेतच होती. फक्त मोटर थांबली तर सहसा कंट्रोलरचा कटऑफ. डिस्प्लेही गेला तर बीएमएस तपासा, म्हणजे एखाद्या ग्रुपचं व्होल्टेज फार खाली गेलं की अख्खा पॅक बंद करणारं बॅटरीतलं संरक्षक सर्किट.

प्रत्येक ग्रुपपासून बीएमएसकडे जाणाऱ्या बारीक बॅलन्स वायरवर दहाही ग्रुप मोजले. स्थिर असताना सगळे ३.६ व्होल्टच्या आसपास. चढावर नऊ ग्रुप ३.३ वर, एक मात्र २.७ वर. सेल कमजोर असते तर स्थिर व्होल्टेजही सहसा घसरलं असतं. इथे दोष सेल जोडणाऱ्या पट्टीच्या जोडाचा. जोडाचा रोध ३० मिलिओहम असेल तर २० अँपिअरला ०.६ व्होल्ट जातात आणि १२ वॉट उष्णता होते. पट्टी हाताला गरम लागतेच.

आधी बीएमएसचा बॅलन्स प्लग काढला, मग बी-निगेटिव्ह (पॅकच्या ऋण टोकाची बीएमएसकडे जाणारी जाड वायर). त्या जोडावर ०.२ मिमी शुद्ध निकेलची दुहेरी पट्टी, चारही सेलवर, स्पॉट वेल्डने. सेलवर सोल्डर नको, आत उष्णता जाते. (निकेल मुलाम्याचं स्टील चुंबकाने ओळखता येत नाही, ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवा, गंजलं तर स्टील.) जोडताना क्रम उलटा: बी-निगेटिव्ह आधी, प्लग नंतर. आउटपुट शून्य दिसलं तर चार्जर लावून बीएमएस जागं करा.

शेवटी कंट्रोलरची मर्यादा १८ अँपिअर केली. आता चढावर तो ग्रुपही ३.३ वरच राहतो.