पानावरची गाठ कापून बघा

आंब्याच्या पानावर पुळ्या दिसल्या की आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर पहिला प्रश्न ठरलेला: 'मास्तर, कसलं औषध मारू?' मी म्हणतो, आधी नखाने खरवड. खवलेकीड असेल तर निघून येईल. गाठ निघणार नाही, कारण ती पानाचीच वाढ. किड्याने पानाकडून बांधून घेतलेली खोली. म्हणून खोलीचं दार शोधायचं. साधं ब्लेड आणि 10 पटींचं भिंग पुरे.

करंजाच्या पानावरची बोंडं उलट बाजूने बघा. बारीक तोंड दिसलं तर ते काम सूक्ष्म कोळ्यांचं. हे कीटक नव्हेत, कोळ्यांच्या कुळातले. पण पाय आठ नाहीत, चारच. मोगऱ्याच्या पानावरची पांढरी लवही त्यांच्याच भाऊबंदांची. बुरशी समजून लोक उगाच गंधक उधळतात... अर्थात गंधक कोळ्यांवरही लागू पडतं, तो भाग वेगळा.

आंब्याची पुळी चारही बाजूंनी बंद असते. चिरली की आत बिनपायांची पिवळसर अळी: मिजमाशीची, म्हणजे डासासारख्या चिमुकल्या माशीची. पुळीला भोक पडलं असेल तर माशी केव्हाच उडाली, फवारणी फुकट.

मिरवेलीच्या पानाची कड वळलेली दिसली तर ती उलगडा. आत काळे फुलकिडे पळतील. कुंडीतल्या नांदरुकाचं पान मधोमध दुमडतं, तेही फुलकिड्यांमुळेच.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, ज्यावर मिरी चढवतो त्या पांगाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. देठ आणि कोवळे शेंडे सुजून वेडेवाकडे झाले असतील तर ती चिमुकली गांधीलमाशी. शास्त्रात तिची नोंदच 2004 सालची. आपल्याकडे पूर्वी ती नव्हती. एका सुजेत अनेक कप्पे, प्रत्येकात एक अळी.

शंका राहिली तर गाठी बरणीत घालून तोंडाला मलमल बांधा. पण जो आधी बाहेर येईल तोच मालक, असं धरू नका. मालकाला खाऊन वाढलेली परोपजीवी गांधीलमाशीही त्याच खोलीतून निघते, आणि ती आपल्या बाजूची.

आंबा, करंजाच्या मोठ्या झाडाला गाठींनी सहसा काही होत नाही. लहान कलमाची गाठाळलेली पानं भोक पडण्याआधी खुडा. पांगाऱ्याचे सुजलेले शेंडे छाटून जाळा. खतखड्ड्यात टाकू नका, तिथूनही माशी उडते.