रॅपरची माहिती काढताना आधी तारखा लावा

एखाद्या रॅपरवर लिहायला घेतलं की नेटवर तेच चार लेख फिरत असतात, एकाने दुसऱ्याचं उचललेलं. त्यापेक्षा असं करा.

१. वहीत वर्षं मांडा आणि आधी फक्त गाणी भरा. यूट्यूब चॅनलवर सगळ्यात जुने व्हिडिओ वर आणा, खालच्या डिस्क्रिप्शनमधून बीट (रॅपमागचं संगीत) कोणाची, शूट कोणाचं ते उतरवून घ्या. उदाहरणार्थ, कुर्ल्याचा रॅपर नेझी याचं ‘आफत’ २०१४चं, आयपॅडवर केलेलं, आणि रॅपर डिवाइनसोबतचं ‘मेरे गली में’ २०१५चं, हे दोन खुंटे ठोकले की मधलं सगळं आपोआप जागेवर बसायला लागतं, मला तर हे फार आवडतं.

२. मग मुलाखती, पण जुन्यात जुनी आधी, कारण नाव झाल्यावर तोच किस्सा घासूनपुसून सांगितला जातो. मिनिट-सेकंद लिहून ठेवा.

३. त्या वर्षातल्या पेपरच्या बातम्या.

फक्त एक सांभाळा, ‘गली बॉय’ (२०१९) हा सिनेमा नेझी-डिवाइन या दोघांवरून सुचलेला असला तरी ती रचलेली गोष्ट आहे, त्यातला प्रसंग त्यांच्या आयुष्यात घुसवू नका, आणि गाण्यातला ‘मी’सुद्धा मुलाखतीशी ताडून मगच घ्या.