मुलावरचा गंभीर गुन्ह्याचा आरोप आणि जिल्ह्याचा निधी : या चुका टाळा

मार्चच्या सुरुवातीला ओळखीच्या एका नगरसेवकांचा फोन आला. प्रभागात एका तरुणावर कोयत्याने वार झाले होते, पकडलेला मुलगा सतरा वर्षांचा असल्याचं सांगत होते. "ताई, वॉर्ड निधीतून चांगला सरकारी वकील लावून घेतो. पण त्याला मोठ्या माणसासारखी शिक्षा झाली पाहिजे. बातमी पण देतोय उद्या, नावानिशी."

माणूस भला आहे आणि तळमळीने बोलत होता. पण या दोन-तीन वाक्यांत जेवढ्या चुका होत्या, तेवढ्या मला एरवी महिनाभरात बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे अठराखालच्या आरोपी मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाच्या, बाकावर बसून ऐकायला मिळतात. मी अशा मुलांच्या घरची-परिस्थितीची माहिती मंडळाला देणारे सामाजिक तपासणी अहवाल लिहिण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. सरपंच, नगरसेवक, पीडितांचे नातेवाईक, नवे पोलीस, कधी आमचीच माणसंही त्याच त्या खड्ड्यात पडतात. म्हणून हे लिहितेय.

चुकीच्या दारात पैसे मागणं

नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद खटला चालवण्यासाठी पैसे देत नाही. त्यांच्या अंदाजपत्रकात तसं लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचं खातंच, नाही. मंडळासमोर सरकारची बाजू सहायक सरकारी अभियोक्ता मांडतात, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो. प्रौढासारखा खटला चालवायचं ठरून प्रकरण पुढे बाल न्यायालयात गेलं तर तिथे सरकारी वकील असतात, तेही राज्याचेच. विशेष सरकारी वकील हवा असेल तर नेमणूक राज्य सरकार करतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे त्या वकिलाची किमान दहा वर्षांची वकिली झालेली लागते. निवेदन द्यायचं तर शासनाकडे द्या, मुख्याधिकाऱ्यांकडे देऊन काही होणार नाही.

दुसरं दार म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. त्याचा पैसा 'मिशन वात्सल्य' या बाल संरक्षणाच्या सरकारी योजनेतून येतो, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. पण हा पैसा मुलाच्या संरक्षणाचा आहे: निरीक्षणगृह, कर्मचारी, समुपदेशन, प्रायोजकत्व. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०५ मध्ये राज्याला स्वतंत्र निधी उभारता येतो, पण तिथेही शब्द 'कल्याण आणि पुनर्वसन' असेच आहेत. या दोन्हींतून वकिलाची फी मागणारा प्रस्ताव मी स्वतः परत आलेला पाहिलाय, वर लाल शाईत एकच शब्द होता: 'अनुज्ञेय नाही'.

हा गोंधळ कुठून येतो याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत कौंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, निवडून आलेला सरकारी वकील बऱ्याच अंशी कौंटीच्या पैशावर चालतो, आणि तिथल्या केंद्र सरकारने १९९८ पासून काही वर्षं बालगुन्हेगारीसाठी राज्यांमार्फत स्थानिक संस्थांना अनुदानही दिलं होतं. इंटरनेटवर ते वाचून इथे 'स्थानिक निधी' शोधला जातो. आपली रचना तशी नाही.

मग स्थानिक पैसा अगदीच निरुपयोगी का? नाही. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बाल विकासासाठी राखलेला असतो. त्यातून मंडळाची वेगळी प्रतीक्षा खोली किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय मागून बघता येते. मागणी करणारं कुणी नसलं की पैसा नेहमीच्या वाटेने जातो, शिलाई मशीन किंवा सायकली घेऊन. शिलाई मशीनविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण पीडित मुलगी आणि आरोपी मुलाची आई एकाच व्हरांड्यात, एकाच बाकावर तीन तास बसलेल्या मी पाहिल्यात.

पीडित कुटुंबाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्याच्या प्रकरणांत पीडितांना मदत देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तिथेच करायचा. वर्गणी काढून खासगी वकील देण्याआधी ही पायरी चढा.

प्रत्येक भयंकर गुन्हा 'निर्घृण' समजणं

सगळ्यात जास्त मनस्ताप या चुकीमुळे होतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो, हे लोकांना माहीत असतं. कधी चालतो, हे माहीत नसतं. तो फक्त निर्घृण गुन्ह्यातच चालू शकतो, आणि कायद्याने निर्घृण गुन्हा म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तो. कमाल शिक्षा जन्मठेप असली तरी किमान शिक्षा लिहिलेली नसेल, तर तो गुन्हा 'गंभीर' गटात जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला, नंतर २०२१ च्या दुरुस्तीत तो कायद्यातच आला.

आता कोयत्याच्या प्रकरणाकडे बघा. खुनाचा प्रयत्न, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९: दहा वर्षांपर्यंत, इजा झाली तर जन्मठेपेपर्यंत. पण किमान शिक्षा नाही. म्हणजे गंभीर गुन्हा, निर्घृण नव्हे. माणूस मेला आणि खुनाचं कलम १०३ लागलं तर निर्घृण. साधा दरोडा निर्घृण नाही. पण दरोड्यात प्राणघातक शस्त्र वापरलं तर कलम ३११, किमान सात वर्षं, तो निर्घृण. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटतं. पण मंडळासमोर भावना चालत नाही, कलमाची शेवटची ओळ चालते.

पुण्याचं पोर्शे प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला, आणि त्याच्या जामिनाला घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून देशभर संताप उसळला. मुलावर प्रौढासारखा खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. भारतीय दंड संहितेच्या ज्या कलम ३०४ वर सारी भिस्त होती, त्यात किमान शिक्षा नाही. तुमच्या भागातल्या प्रकरणात मोर्चा काढण्याआधी प्रथम खबरेतली कलमं काढून किमान शिक्षा तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

वयाचा कागद शेवटी ठेवणं

आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली तारीख. लग्न, नोकरी, निवृत्ती सगळं त्यावर निभावून जातं. पण गुन्ह्याच्या तारखेला मुलगा सोळाच्या वर होता की खाली, अठराच्या वर होता की खाली, हा प्रश्न आला की याच १ जूनवर सगळं प्रकरण डुगडुगायला लागतं.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ चा क्रम पाठ करून ठेवा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि ती आदेशापासून पंधरा दिवसांत. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात शाळेचं हस्तांतर प्रमाणपत्र आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा कलम ९४ मध्ये बसत नसल्याचं म्हटलंय.

खरं सांगायचं तर अशा प्रकरणात स्थानिक स्वराज्य संस्थेने देण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. पैसा नाही, जन्म-मृत्यू विभागातली ती जाड नोंदवही. ती नीट जपलेली असावी, पानं चिकटलेली नसावीत आणि उतारा मागितल्यावर दोन दिवसांत मिळावा.

प्राथमिक मूल्यांकनाची तजवीज न करणं

गुन्हा निर्घृण आणि मुलगा सोळा पूर्ण केलेला, तर मंडळ त्याच अधिनियमाच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं, त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवायला. मुलाची तो गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला. हा खटला नव्हे. मुलाने गुन्हा केला का, हे इथे ठरवायचं नसतं, आणि तज्ज्ञाने त्याच्या तोंडून कबुली काढायची नसते. आलेल्या अहवालांत मात्र पहिल्याच परिच्छेदात "बालकाने गुन्हा मान्य केला" असं लिहिलेलं असतं. असा अहवाल बचावाचा वकील हसत हसत वाचून दाखवतो.

मुदत पहिल्या हजेरीपासून तीन महिने. पोलिसांनी साक्षीदारांचे जबाब आणि कागदपत्रं एका महिन्यात द्यायची. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ही तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचं सांगितलं, तेव्हापासून काही ठिकाणी सगळ्यांनीच हातपाय पसरलेत. मुदतवाढ मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून, कारणं लिहून मिळते. आपोआप नाही.

पैशाचा खरा अडसर इथे आहे. मंडळावर प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य असतात, त्यातली किमान एक महिला. त्यांच्यापैकी कुणाकडे बाल मानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची व्यावसायिक पदवी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे, असं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. नियमांनुसार तज्ज्ञांचं पॅनल जिल्हा बाल संरक्षण कक्षाने तयार ठेवायचं. कागदावर पॅनल असतं. त्यातले दोघे शहर सोडून गेलेले असतात, एकाचा नंबर लागत नाही, आणि चौथ्या बाई येतात.

अशा एक बाई आमच्याकडे नव्वद किलोमीटर एसटीने आल्या. मुलाशी दोन बैठका केल्या, एक आईसमोर, एक एकट्याशी. मधल्या वेळात निरीक्षणगृहाच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. अहवाल अकरा पानांचा, स्वच्छ. त्यांचं प्रवासभाड्याचं बिल चार महिन्यांनी परत आलं, कारण 'मूळ तिकीट जोडलेलं नाही'. तिकीट जोडलेलं होतं. टाचणीतून निसटून फाइलच्या खिशात पडलं होतं. पुढच्या प्रकरणाला त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्या प्रकरणातलं मूल्यांकन मग जिल्हा रुग्णालयातून वीस मिनिटांत उरकलं गेलं.

तेव्हा कक्षातल्या मंडळींनी एप्रिलमध्येच पॅनलवरच्या प्रत्येकाला फोन करावा, मानधनाची प्रशासकीय मान्यता वर्षाच्या सुरुवातीला घ्यावी आणि तिकिटं गोंदाने चिकटवावीत. हसू नका.

एकाच साच्यातला सामाजिक तपासणी अहवाल

मुलाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यायचा हा अहवाल. "वडील मजूर, आई गृहिणी, संगत वाईट." एकदा तर दुसऱ्या पानावर आधीच्या मुलाचं नाव तसंच राहिलं होतं. दंडाधिकाऱ्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि कागद बाजूला ठेवला. दोष एकट्या अधिकाऱ्याचा नाही, तीन तालुके त्याच्या गळ्यात असतात. पण त्याला जायला गाडी नसेल तर निदान पोलीस पाटील, शाळेतल्या बाई आणि शेजारी यांच्याशी फोनवर बोलून त्याची नोंद करावी. अधिकारी उपलब्ध नसेल तर मंडळ सामाजिक कार्यकर्त्यालाही हे काम सांगू शकतं. ते मागून घ्या.

३१ मार्च

यावर फार लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या पैशातून तज्ज्ञाऐवजी खुर्च्या येतात.

नाव, फोटो, बॅनर

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित किंवा साक्षीदार मूल असेल तर त्यालाही हे संरक्षण आहे. शाळेचं नाव, गल्लीचं नाव, आई-वडिलांचा फोटो, यातूनही ओळख उघड होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेला मजकूरही याला अपवाद नाही.

नगरसेवकांना मी फोनवर एवढंच म्हणाले, की बातमी थांबवा, वकिलाचं राहू द्या, आणि मुलाचा जन्म कुठे झाला ते शोधा. मुलाने सातवीत शाळा सोडलेली, दहावीचा प्रश्नच नव्हता, आणि शाळेकडून शाळा सोडल्याच्या दाखल्यापलीकडे काही मिळालं नाही. दोन दिवसांनी ते स्वतः जन्म-मृत्यू विभागात जाऊन बसले आणि नोंद काढून आणली. वयाची चौकशी झाली. वार झाले त्याच्या तेवीस दिवस आधी मुलाला अठरा पूर्ण झाली होती. प्रकरण मंडळाकडून नेहमीच्या न्यायालयात गेलं. दाखल्याचं शुल्क त्यांनी खिशातून भरलं, वॉर्ड निधीला हात लागला नाही.