स्तनग्रंथीच्या पेशींना ग्रोथ फॅक्टर देताना या चुका टाळा

ग्रोथ फॅक्टर (पेशींना इशारे देणारी प्रथिनं) म्हणजे खत, जास्त घातलं की पेशी जोमात, ही समजूत घेऊनच बहुतेक नवीन मुलं कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत, येतात. स्तनग्रंथीत वाढणं वेगळं आणि दूध बनवणं वेगळं. ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर पेशींना वाढत ठेवतो, आणि तोच हजर असताना प्रोलॅक्टिनचं, म्हणजे दूध बनवायला लावणाऱ्या हार्मोनचं, काही चालत नाही.

यात माझे तीन आठवडे गेले. उंदराच्या स्तनग्रंथीच्या एचसी-११ पेशी, प्लेट गच्च भरलेली, प्रोलॅक्टिन, डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड), इन्सुलिन सगळं मापात. तरी ब्लॉटवर (प्रथिन ओळखायच्या चाचणीत) बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाचा पट्टा येईना. प्रोलॅक्टिनची नवी कुपी फोडली, अँटिबॉडी बदलली. शेवटी वही उघडली तेव्हा दिसलं: जुनं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) न काढता मी त्यातच हार्मोन्स घालत होतो, आणि त्यात मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम ईजीएफ होतंच. तेव्हापासून मी पेशी दोनदा धुतो, मगच हार्मोन्स देतो. पण म्हणून सुरुवातीपासूनच ईजीएफ वगळू नका. वाढीच्या काळात ते मिळालं नाही, तर याच पेशी पुढे प्रोलॅक्टिनला दाद देत नाहीत. प्लेट भरायच्या आधी हार्मोन्स देण्याची घाईही नको. दोन दिवस थांबायला कुणाचंच मन होत नाही, आणि प्रयोग तिथेच फसतो.

दुसरी चूक टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची. नावात ‘ग्रोथ’ आहे म्हणून वाढीसाठी घालणारे मी पाहिलेत. स्तनग्रंथीच्या एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींची वाढ ते रोखतं. ते साध्या पाण्यात विरघळवलं तर नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. मी ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालून विरघळवतो आणि लगेच छोटे भाग करून गोठवतो. एकच कुपी वारंवार वितळवणं म्हणजे पैसे आणि प्रयोग दोन्ही वाया.

मिलीलिटरला ५-१० मायक्रोग्रॅम इन्सुलिन आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरलाही (त्याचा इशारा घेणाऱ्या प्रथिनालाही) जागं करतं. ते मीडियममध्ये ठेवून आयजीएफ-१चा परिणाम मोजू नका.

माणसाच्या स्तनाच्या एमसीएफ-१०ए पेशींना सपाट प्लेटवर मिलीलिटरला २० नॅनोग्रॅम ईजीएफ देतात, मॅट्रिजेलमध्ये (गरम झालं की घट्ट होणाऱ्या प्रथिनांच्या जेलमध्ये) ५ पुरतं. मॅट्रिजेल बर्फावरच वितळवा, पिपेटच्या टिपाही गार हव्यात.

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन तपासताय? फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) नसलेलं मीडियम घ्या. त्या रंगातली अशुद्धी इस्ट्रोजेनसारखी वागते.