नॅनोकणांवर काम करायचंय? मग आधी आपल्या गावचं पाणी तपासा

नॅनोकणांचा विषय घ्यावा का, असं तालुक्याच्या कॉलेजातली मुलं मला विचारतात. महागडी यंत्रं आपल्याकडे कुठली, ही त्यांची धास्ती असते. यंत्रं पुढे लागतातच, पण सुरुवात बी.एस्सी.च्या ब्युरेटनेच होते.

चांदीचे किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे हे कण 1 ते 100 नॅनोमीटरचे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सारखा विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पाण्यात क्षार वाढले की तो भार झाकला जातो, कण चिकटतात आणि तळाशी बसतात. सोडियमपेक्षा कितीतरी कमी कॅल्शियम एवढ्याला पुरतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याचे निष्कर्ष जसेच्या तसे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याला लावू नका. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांची (जुन्या मालगुजारी तलावांची) तऱ्हा आणखी वेगळी. तिथे कुजलेल्या पाल्यातून ह्युमिक आम्लं येतात, कणांवर त्यांचा लेप चढतो आणि कण बराच काळ तरंगत राहतात. कॅल्शियम भरपूर असलं, तर तोच लेप उलट कणांना एकमेकांशी जोडतो! मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच. चांदीचं तर पुढेही काही घडतं: थोडी विरघळते, आणि गाळात सल्फाइड भेटलं की सिल्व्हर सल्फाइड होऊन तिचा विषारीपणा बराच उतरतो.

पावसाळ्यात नाल्याला काळी माती येते, तेव्हा कण एकमेकांपेक्षा मातीलाच जास्त चिकटतात. असा गढूळ नमुना थेट डीएलएसमध्ये, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रात, घालू नका. इतक्या लहान कणांचा व्यास दसपट झाला तर विखुरणारा प्रकाश सुमारे दहा लाख पट होतो, त्यामुळे मातीपुढे नॅनोकण दिसतच नाहीत. गाळून घेतलंत, तर फिल्टरवर किती चांदी अडकली तेही मोजा.

पीएच आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) विहिरीवरच मोजा. बाटली घरी येईस्तोवर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो. पाण्याचा कडकपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, ब्युरेटमध्ये ईडीटीएचं द्रावण घेऊन टायट्रेशनने काढा. विहीरवाल्या काकांना विचारा, या पाण्यात डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का. कॅल्शियमचा अंदाज तिथेच येतो. आणि जमलं तर त्याच नमुन्यातलं फ्लोराइड, नायट्रेट तपासून आकडे त्यांच्या घरी नेऊन द्या. पाणी त्यांचं आहे, ते रोज पितात.