इपॅमच्या इलेक्ट्रॉन चॅनेलमधली भेसळ कशी काढली

एसीई हे नासाचं यान ऑगस्ट 1997 पासून अवकाशात आहे, पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल-1 या समतोल बिंदूभोवती फिरतं. त्यावरचं इपॅम हे उपकरण सूर्याकडून येणारे वेगवान कण मोजतं, इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार चार चॅनेलमध्ये, म्हणजे गटांत, मोजतं. त्याचा इलेक्ट्रॉन डेटा लावत होतो. सौर उद्रेकात 200 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे वेगवान इलेक्ट्रॉन आधी यायला हवेत, 45 चे मागून. ज्या चुंबकीय रेषेवरून ते येतात तिची लांबी 1.2 खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) धरली तर साधारण 11 मिनिटं मागून. माझ्या आलेखात मात्र चारही चॅनेल एकदमच उठत होते.

वेळेची नोंद तपासली, ती बरोबर होती. खरं कारण डिटेक्टरच्या भौतिकीत आहे. जास्त ऊर्जेचे काही इलेक्ट्रॉन सिलिकॉनमध्ये सगळी ऊर्जा न सोडताच उलटे बाहेर फेकले जातात आणि कमी ऊर्जेचे म्हणून मोजले जातात. म्हणजे खालच्या चॅनेलची पहिली चढण उसनी असते.

उपाय असा केला. प्रथम -999.9 या ‘डेटा नाही’ खुणा सरासरीआधीच वगळल्या. उद्रेकापूर्वीच्या शांत तासांची पार्श्वभूमी वजा केली. मग मंद इलेक्ट्रॉन पोहोचूच शकत नाहीत अशा सुरुवातीच्या मिनिटांत, खालच्या चॅनेलचं वरच्याशी गुणोत्तर काढलं. वरच्या चॅनेलच्या मोजणीचा तेवढा अंश पुढे खालच्या चॅनेलच्या प्रत्येक नोंदीतून वजा केला. जिथे वजाबाकी मूळ मोजणीच्या निम्म्याहून जास्त झाली, तिथे ‘संशयास्पद’ अशी खूण ठेवली. आकडा पुसला नाही.

हे गुणोत्तर प्रत्येक उद्रेकासाठी नव्याने काढा. ऊर्जावितरण बदललं की तेही बदलतं.